वेदीपुढचे दान आणि दारातला समेट

मार्गशीर्षातील गुरुवारांची व्रते आटोपत येतात, त्याच सुमारास नाताळचा सण येतो. त्या दिवशी कुपवाडातील आमच्या घरी शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून करंज्यांचे ताट येते. दिवाळीस आमच्याकडून फराळ जातो, तसेच हे. एका वर्षी ते ताट उशिरा आले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आधी धाकट्या जावेकडे गेले होते. तीन वर्षांचा अबोला होता. तो मनात ठेवून प्रार्थनेला कशी बसू?"

मावशींच्या बोलण्याचे मूळ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात आहे. वेदीपाशी दान घेऊन गेलेल्या भक्तास आपला भाऊ आपल्यावर रुष्ट असल्याचे आठवले, तर त्याने दान तेथेच ठेवावे, प्रथम भावाशी समेट करावा आणि मगच ते दान वाहावे, अशी येशू ख्रिस्ताची शिकवण आहे. उपासनेची वाट माणसाच्या दारावरून जाते, हाच तिचा भावार्थ.

अशी उपासना आचरणात आणलेली माणसे आपल्या परिसराने पाहिली आहेत. कुपवाडजवळच्या वानलेसवाडीचे नाव आपण रोज घेतो. ते ज्यांच्यावरून पडले, ते डॉ. विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. १८८९ साली ते सांगलीस आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. सुमारे चार दशके त्यांनी येथील रुग्णांची शुश्रूषा केली व भारतीय तरुणांना वैद्यकाचे शिक्षण दिले. रोग्याच्या उशाशी उभे राहणे हीच त्यांची उपासना होती.

दुसरे उदाहरण घरातले आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९१७ साली त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला, हे आपल्या भागातील अनेकांस ठाऊक असेल. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे व स्वयंपाक निराळाच ठेवला. परंतु विचाराअंती जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, अशी त्यांची खात्री झाली आणि सर्वांच्या हातचे अन्नपाणी त्या घेऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो त्यानंतर. म्हणजे मनातला पालट आधी पाण्याच्या तांब्यात उतरला, विधी मागाहून आला!

हे आपणांस परके आहे काय? गीतेच्या ९व्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनास हेच सांगितले आहे, की जे करशील, जे खाशील, जे देशील, ते सर्व मला अर्पण कर. अर्पण करावयाच्या त्या कर्मांत आपले शेजार, भाऊबंद आणि दाराशी आलेला भुकेला हेही येतातच.

आता आमची गोष्ट सांगतो. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचे व थोरल्या बंधूंचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. रोज देवपूजा होत होती, एकादशी चुकत नव्हती. बंधूंच्या घरावरून जाताना मात्र मान फिरत होती. मावशींचे ते वाक्य ऐकल्यावर पूजेस बसणे अवघड झाले. संक्रांतीची वाट न पाहता आम्ही त्यांच्या दारी गेलो. पहिल्या खेपेस दादा बाहेर आले नाहीत. वहिनींनी चहा दिला, तो घेऊन परतलो. दुसऱ्या खेपेस ते ओसरीवर येऊन बसले. पाळीचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, पण त्यांनी आमच्या नातवाची प्रकृती विचारली. त्या रात्री देवापुढे दिवा लावताना हात हलका वाटला.

वाचकहो, नाताळ ज्यांचा सण आहे त्यांना आपण शुभेच्छा देऊच. त्याबरोबरच, आपल्याही देव्हाऱ्यात निरांजन लावण्यापूर्वी कोणाचे दार आपण टाळीत आहोत, एवढे मनाशी आठवून पाहू या.