नाकातलं मलम : उरलेलं जपून ठेवू नका

मैत्रिणींनो, हिंगणघाट असो की आर्वी, उरलेल्या मलमाची ट्यूब घरोघरी सापडतेच. पण नाकात लावायचं म्युपिरोसिन हे सर्दीचं औषध नव्हे. ते अँटिबायोटिक आहे. नाकात दडून बसणाऱ्या ‘स्टॅफ’ जंतूंसाठी, कधी ऑपरेशनआधीही, डॉक्टर ते देतात.

हात धुवून आगपेटीच्या काडीच्या गुलाएवढं मलम दोन्ही नाकपुड्यांत लावा, नाक हलकेच दाबा. बहुधा दिवसातून २ वेळा, ५ दिवस. पण डॉक्टर सांगतील तेच खरं. मध्येच सोडू नका. त्वचेचं मलम नाकात नको, आपली ट्यूब शेजारणीला नको. मनमानी वापराने जंतू निर्ढावतात आणि खऱ्या गरजेला औषध लागू पडत नाही.

पाकिटावर लाल रेघ दिसली, तर चिठ्ठीशिवाय औषध घ्यायचंच नाही!