परमिट रूम आणि वर्धेचा पूल

विलायतेंतील पबांत प्रथमच शिरणारा पाहुणा मेजापाशीं वाट पाहात बसतो आणि त्याच्याकडे बहुधा कोणीच फिरकत नाहीं; तेथें स्वतः उठून गल्ल्यापाशीं मागावयाचें असतें. यवतमाळ जिल्ह्यांत खुशाल बसून राहावें, वाढपी येतोच. अडचण आहे ती कायद्याची.

'परमिट रूम' हें पुष्कळांस नुसतें मद्यगृहाचें नांव वाटतें. वास्तविक ती १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची खूण होय. त्या कायद्याचा पाया निषेधाचा. मोकळीक हा अपवाद, आणि तोही परवानेदारापुरता. म्हणून एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म परवाना घ्यावा लागतो. वयाची अट २५ वर्षांची, बीअरीस २१.

खरी गफलत होते ती नदीपाशीं. वर्धा नदीच्या पलीकडे, सेवाग्राम ज्यांत आहे त्या वर्धा जिल्ह्यांत, १९७४ पासून दारूबंदी आहे. वणीहून चंद्रपुरास जाणाराही २०१५ ते २०२१ पर्यंत याच पेचांत होता. ती बंदी उठली, वर्ध्याची उठली नाहीं. यवतमाळांत रीतसर, पावतीनिशीं घेतलेली बाटली पूल ओलांडतांच गुन्ह्याचा मुद्देमाल ठरूं शकते. ती अलीकडेच ठेवावी. पलीकडची बंदी अलीकडेही यावी म्हणून यवतमाळच्या स्त्रियांनीं मोर्चे काढले आहेत, हेंही पाहुण्यानें जाणून असावें. यजमानाच्या घरांत या विषयावर थट्टा शोभत नाहीं.

जेवणास मात्र नदीची आडकाठी नाहीं. ज्वारीची भाकर, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दोन्ही तीरांवर सारखाच मिळतो, आणि त्यास परवाना लागत नाहीं.