रिलीज काढताय? मग डेव्हलपरला आधी हे सांगा

ओपन सोर्स प्रोजेक्टची नवी आवृत्ती कशी जाहीर करायची, हे या भागाच्या व्हिडिओत आपण थोडक्यात पाहिलं. तिथे वेळेअभावी राहून गेलेली उदाहरणं इथे सविस्तर देतो.

आपल्यात तीन-चार जणांची सॉफ्टवेअर कंपनी चालवणारे बरेच आहेत. त्यातले काही जण स्वतःची एखादी लायब्ररी किंवा प्लगइन ओपन सोर्स करतात. कामाची ओळख होते, त्यातून ग्राहकही मिळतात. पण एक फरक लक्षात घ्या. दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाला तोंडावरून ओळखतो. ओपन सोर्समध्ये तुमचा कोड कोणी डाउनलोड केला आणि कुठल्या दवाखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या सिस्टिममध्ये बसवला, हे तुम्हाला कळतच नाही. फोन करून सांगायची सोय नाही. बहुतेकांशी तुमचं बोलणं होतं ते फक्त रिलीजच्या घोषणेतून.

ती घोषणा वाचताना डेव्हलपरच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: "मला आता काय करावं लागणार?" तुम्ही सहा महिने किती मेहनत घेतली, हे त्याला नंतर वाचायला आवडेल. आधी त्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर हवं. ते मिळालं नाही, तर तो अपडेट करायचं टाळतो. जुनी आवृत्ती तशीच चालू राहते, तिच्यातली सुरक्षेची भोकंही तशीच राहतात, आणि नुकसान त्याच्या ग्राहकाचं होतं.

१. तारीख आणि वेळ आधी सांगा

ओपनएसएसएल हे इंटरनेटवरची माहिती सुरक्षित पाठवण्यासाठी जगभर वापरलं जाणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांनी जाहीर केलं की ३.०.७ ही आवृत्ती १ नोव्हेंबरला येईल, आपल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहाच्या दरम्यान. त्यातली दुरुस्ती 'क्रिटिकल', म्हणजे सगळ्यात गंभीर दर्जाची आहे, हेही सांगितलं. त्रुटी नेमकी काय, ते मात्र सांगितलं नाही, कारण ते उघड केलं असतं तर चोरालाही आठवडा मिळाला असता.

याचा उपयोग काय झाला? ३.० च्या आधीच्या आवृत्त्यांना धोका नाही, हे दुरुस्ती यायच्या आधीच कळलं होतं. त्यामुळे आपल्या कुठल्या सर्व्हरवर कुठली आवृत्ती आहे याची यादी करायला, माणसं ठरवायला आणि ग्राहकाला कल्पना द्यायला आठवडा मिळाला.

पुढची गोष्ट तर आणखी शिकण्यासारखी. १ नोव्हेंबरला दुरुस्ती आली, तेव्हा त्रुटीचा दर्जा 'क्रिटिकल'वरून 'हाय'वर आणलेला होता. तो का खाली आणला, याचं कारणही त्यांनी दिलं आणि तरीही अपडेट करा असं सांगितलं. अंदाज बदलला तर लपवू नका, कारणासकट सांगा. पुढच्या वेळी तुम्ही "तातडीचं आहे" म्हणाल, तेव्हा लोक विश्वास ठेवतील.

२. आवृत्तीच्या आकड्याला अर्थ द्या

पोस्टग्रेस या डेटाबेसकडे पाहा. त्यांची मोठी आवृत्ती साधारण वर्षातून एकदा येते आणि तिला पाच वर्षं आधार मिळतो. १६ वरून १७ वर जायचं तर डेटा नव्या आवृत्तीत नेण्याचं काम करावं लागतं. १६.१ वरून १६.२ वर जाताना ते लागत नाही, कारण छोट्या आवृत्तीत फक्त दुरुस्त्या असतात. त्या छोट्या आवृत्त्यांच्या तारखाही आधीच ठरलेल्या असतात: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर.

म्हणजे डेव्हलपरला घोषणा उघडण्याआधीच, नुसत्या आकड्यावरून कळतं की काम अर्ध्या तासाचं आहे की रविवार घालवावा लागणार. तुमचा नियम वेगळा असला तरी चालेल. पण तो लिहून ठेवा आणि मोडू नका. छोट्या आकड्याच्या आत मोठा बदल सरकवला, की पुढच्या प्रत्येक अपडेटला लोक घाबरणार.

३. काढून टाकायचं असेल तर भरपूर आधी बोला

पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं. पायथन २ चे अनेक प्रोग्राम त्यावर बदल केल्याशिवाय चालत नव्हते. पायथन २.७ चा आधार आधी २०१५ पर्यंत ठरला होता. लोकांचं काम संपलेलं नाही हे पाहून २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवली, आणि १ जानेवारी २०२० ला आधार थांबला.

इतकी वर्षं देणं छोट्या प्रोजेक्टला परवडणार नाही. पण तीन गोष्टी तुम्हीही सांगू शकता: काय जाणार, त्याच्या जागी काय वापरायचं, आणि कधीपर्यंत. "लवकरच बंद होईल" असं लिहू नका. "लवकरच" ही तारीख नाही.

४. घोषणा प्रत्यक्षात कशी लिहायची?

समजा, तुमची जीएसटी बिल बनवणारी लायब्ररी आहे. बरेच जण असं लिहितात:

"आवृत्ती ३.० आली! वेग वाढवला, अनेक बग काढले, भरपूर नवीन फीचर. लगेच अपडेट करा!"

आता हे वाचा:

"आवृत्ती ३.०. बिल क्रमांक आता आकडा म्हणून न येता मजकूर म्हणून येतो, कारण अनेकांच्या बिल क्रमांकात अक्षरं आणि तिरकी रेघ असते. बिल क्रमांकावर क्रमवारी लावणारा कोड बदलावा लागेल. जुना आणि नवा कोड खाली दिला आहे. या आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती नाही, त्यामुळे घाई नाही. २.० मालिकेला ३१ मार्चपर्यंत दुरुस्त्या मिळत राहतील."

पहिल्यात उत्साह आहे, पण डेव्हलपरच्या हाती काहीच लागत नाही. दुसरी वाचून तो वेळेचा अंदाज बांधू शकतो आणि ग्राहकाशी बोलू शकतो. नवीन फीचरची यादी त्याखाली खुशाल द्या. फक्त कोड साठवताना लिहिलेल्या दोनशे नोंदी जशाच्या तशा चिकटवू नका. त्या तुमच्यासाठी होत्या, वाचणाऱ्यासाठी नव्हत्या. आणि शुक्रवारी संध्याकाळी रिलीज काढून घरी जाऊ नका. काही बिघडलं तर उत्तर द्यायला कोणीतरी हवं.

आजचा गृहपाठ

तुमची मागची घोषणा अशा डेव्हलपरला द्या, ज्याने तुमचा कोड कधी पाहिलेला नाही. एका मिनिटात त्याला तीन उत्तरं सापडली पाहिजेत: हे मला लागू आहे का, काय बदलायचं, आणि कधीपर्यंत. एकही उत्तर अडलं, तर पुढच्या रिलीजआधी घोषणा पुन्हा लिहा. कोड तयार झाला म्हणजे रिलीज झालं असं धरू नका; समोरच्याला त्याचं काम कळलं, की मगच ते पूर्ण झालं.