कात्री लागण्यापूर्वी

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ, म्हणजेच महात्मा जोतिबा फुले मंडईजवळ, मंगलदास मार्केट नावाचा कापडबाजार आहे. वर छप्पर, खाली अरुंद गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना ताग्यांनी गच्च भरलेली लहान लहान दुकाने. सांगलीहून किंवा जळगावहून सुट्टीत मुंबईला आलेली मंडळी तेथे एकदा तरी फेरी मारतात. घरात लग्नकार्य असेल तर विचारायलाच नको. आईची मोरपंखी रेशमी साडी पिशवीत असते. तिला शोभणारे पोलक्याचे कापड, ताईच्या पंजाबी ड्रेसचे कापड, अस्तर असे सारे एका दुपारी उरकायचे असते. गावच्या दुकानात काही फसले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येते. येथे तशी सोय नाही. मीटरपट्टी लागली, कात्री चालली, की ते कापड आपले झाले. त्याच रात्री ते गाडीत बसून गावी जाणार आणि त्याची खोड, असलीच तर, गावी गेल्यावर कळणार!

मग कात्री लागण्यापूर्वीच्या पंधरा-वीस मिनिटांत आपल्याला काय पाहता येईल? भाव करण्याची कला आम्हां मास्तर मंडळींना शिकवता येणार नाही. ती तुमच्या आईला अधिक येते. पण रंग, आटणे आणि पन्हा या तीन गोष्टी नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राच्या आवाक्यातल्या आहेत. त्यांतली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे रंग.

दुकानात साडी आणि रुबियाचा तुकडा शेजारी शेजारी धरला, रंग तंतोतंत जुळला. घरी येऊन अंगणात पाहावे तर साडी निळसर आणि पोलके हिरवट! अशा वेळी दुकानदाराने कापड बदलले, असा संशय घेण्यात येतो. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो. बदललेला असतो तो प्रकाश.

कापडाचा रंग कापडातच असतो, असे आपण बोलताना म्हणतो. खरे पाहता कापडाजवळ स्वतःचा प्रकाश नसतो. पडलेल्या प्रकाशातील काही तरंगलांबी ते शोषून घेते, काही परत पाठवते. परत आलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो आणि तेथे शंकुपेशींचे तीन प्रकार त्याची नोंद घेतात. म्हणजे प्रकाशाचा वर्णपट कितीही गुंतागुंतीचा असला तरी मेंदूकडे जातात त्या फक्त तीन बेरजा. सारी गंमत या बेरजांत आहे.

एक उदाहरण घेऊ. राजूला गणितात ४० आणि भाषेत २० गुण मिळाले, सुशीलेला गणितात २० आणि भाषेत ४०. दोघांची बेरीज ६०. प्रगतिपुस्तकात नुसती बेरीज लिहिली तर दोघे अगदी सारखे दिसतील. आता मुख्याध्यापकांनी ठरवले की गणिताचे गुण दुप्पट धरायचे. राजूचे झाले १००, सुशीलेचे ८०. मुले तीच, उत्तरपत्रिका त्याच, पण जोडी फुटली. कापडाच्या बाबतीत हे विषय म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबी आणि कोणत्या विषयाला किती महत्त्व द्यायचे हे ठरवणारा मुख्याध्यापक म्हणजे दिवा! एका प्रकाशात सारख्या दिसणाऱ्या आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळ्या पडणाऱ्या रंगांच्या जोडीला ‘मेटॅमर’ म्हणतात.

साडी आणि पोलके यांच्या बाबतीत हे फार घडते. त्याला कारण आहे. रेशीम हे प्रथिन, तर कापूस म्हणजे सेल्युलोज. रेशमाला धरणारे रंग कापसाला नीट धरत नाहीत आणि पॉलिएस्टरसाठी तर तिसऱ्याच जातीचे रंग लागतात. त्यामुळे रंगारी मोरपंखी रंगाची नक्कल करतो ती निराळीच द्रव्ये मिसळून. एकूण बेरीज तो जुळवतो. आतले गुण जुळतीलच असे नाही. उलट एकाच गिरणीचे, एकाच धाग्याचे, एकाच वेळी रंगवलेले दोन तुकडे कोणत्याही दिव्याखाली न्या, ते जोडीनेच बदलतील.

आता दिव्यांकडे वळू. जुन्या पिवळ्या बल्बमधली टंगस्टनची तार सुमारे २८०० केल्व्हिनपर्यंत तापते. तिच्या प्रकाशात तांबड्या बाजूचा भरणा मोठा, निळा अगदी बेताचा. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ असते. तिच्या प्रकाशात ४३६ आणि ५४६ नॅनोमीटर अशा ठरावीक तरंगलांबींना वाजवीपेक्षा जास्त मान मिळतो. आजच्या पांढऱ्या एलईडीत बहुधा ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावरचा लेप त्यातल्या काही भागाचे रूपांतर पिवळट प्रकाशात करतो. निळा आणि हिरवा यांच्यामध्ये, ४८० नॅनोमीटरच्या सुमारास, त्याच्या वर्णपटात खळगा पडतो. आणि मोरपंखी रंगाचा सारा कारभार चालतो तो नेमका त्याच भागात!

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर घरातली एखादी जुनी सीडी घ्या. पुठ्ठ्याला बारीक फट पाडून तिच्यातून येणारा दिव्याचा प्रकाश सीडीवर तिरपा पडू द्या. बल्बचा पट्टा अखंड दिसेल, ट्यूबचा तुटक आणि एलईडीच्या पट्ट्यात निळ्यानंतर अंधूक जागा दिसेल. शिक्षकांना वर्गात आणखी एक प्रयोग करता येईल. अंधाऱ्या खोलीत स्पिरिटच्या दिव्याच्या वातीवर मीठ टाका आणि त्या पिवळ्या ज्योतीत चिंध्यांचे रंग ओळखायला सांगा. ज्योतीत जवळजवळ एकच तरंगलांबी, ५८९ नॅनोमीटर. सगळ्या चिंध्या पिवळ्या, करड्या किंवा काळ्या दिसतील. लाल कोणती आणि निळी कोणती हे वर्गातल्या हुशार मुलालाही सांगता येणार नाही.

तेव्हा बाजारात करायचे काय? दुकानदाराला विचारून तागा गल्लीच्या टोकाशी, मोकळ्या उजेडात न्यावा. भले दुकानदार स्वतःच म्हणतात, “ताई, बाहेर उजेडात बघून घ्या.” उजेड म्हणजे रणरणते ऊन नव्हे, तर सावलीत येणारा आकाशाचा प्रकाश. रंगारी पूर्वीपासून उत्तरेच्या खिडकीपाशी रंग पारखत आले, ते तिकडून थेट ऊन येत नाही म्हणून. हा नियम युरोपात वर्षभर चालतो. आपल्याकडे मात्र जपून! मुंबई १९ अक्षांशावर असल्याने साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य मुंबईच्या उत्तरेकडेच असतो.

पण एवढ्याने भागत नाही. लग्न संध्याकाळचे असेल, मंगल कार्यालयात झगझगीत दिवे असतील, तर पोलके पाहिले जाणार ते त्या दिव्यांखाली. म्हणून माझे मत असे की कापड निदान दोन प्रकाशांत पाहावे, आकाशाच्या आणि पिवळसर दिव्याच्या. दोन्हीकडे जोडी टिकली तर खुशाल घ्यावे. एका ठिकाणी फुटली तर दुसऱ्या ताग्याकडे वळावे, किंवा जुळण्याचा हट्ट सोडून सरळ विरोधी रंग निवडावा. तोही सुरेख दिसतो.

साडी बरोबर नेणे जड जाते म्हणून हल्ली मोबाइलमध्ये तिचा फोटो घेऊन जातात. त्यावर विसंबू नये. कॅमेरा पांढरा रंग कोणता हे स्वतःच्या हिशेबाने ठरवतो आणि बाकीचे रंग त्याप्रमाणे सरकवतो. शिवाय फोटोतला निळा पडद्यावरच्या तीन रंगांच्या ठिपक्यांचा, साडीतला निळा रंगद्रव्याचा. त्यापेक्षा साडीच्या आतल्या टोकाची दोन बोटे रुंद चिंधी बरी.

दुसरी फसगत होते ती शेजारच्या रंगामुळे. पॅरिसमध्ये गोबलँ हा गालिचे आणि चित्रपट विणण्याचा नामांकित कारखाना आहे. मिशेल शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली तेथील रंगखात्याचे प्रमुख झाले. निळ्या-जांभळ्या कापडांच्या सावल्या विणण्यासाठी वापरलेला काळा रंग फिका पडतो, अशी विणकरांची तक्रार होती. शेव्हरल यांनी इतर ठिकाणची काळी लोकर आणून ताडून पाहिली. काळ्यात काहीच खोट नव्हती; निळ्याच्या शेजारी तो तसा दिसत होता, इतकेच. रसायनाचा प्रश्न दृष्टीचा निघाला. या अभ्यासावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे १०२ वर्षांचे आयुष्य उपभोगले. आपण यातून घ्यायचे ते एवढेच की भोवती दहा रंगांचे तागे पसरलेले असताना रंग पारखू नये. पांढऱ्या गादीवर दोनच कापडे, कडेला कड भिडवून ठेवावीत. मत विचारायचे झाले तर मामाला न विचारता मामीला विचारावे. रंगांधळेपणा पुरुषांत बायकांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो.

रंगाविषयी फार झाले. आता आटण्याकडे वळू.

सुती कापड पाण्यात आटते हे सर्वांना ठाऊक आहे, पण का आटते? कापसाचा तंतू भिजला की लांबीला जवळजवळ वाढत नाही. जाडीला मात्र सुमारे २० टक्के फुगतो. आता खिडकीच्या गजांतून एक दोरी नागमोडी, एका गजाच्या पुढून आणि दुसऱ्याच्या मागून, अशी ओवली आहे असे समजा. गज जाड झाले तर दोरीला प्रत्येक गजाला अधिक मोठा वळसा घालावा लागेल. दोरी तर तेवढीच. मग गजांनाच एकमेकांजवळ सरकावे लागेल! कापडात उभे धागे म्हणजे गज आणि आडवा धागा म्हणजे दोरी. उलट बाजूने पाहिले तरी तेच. वाळल्यावर धागे पुन्हा बारीक होतात, पण त्यांना पूर्वीच्या जागी ओढून नेणारे कोणी नसते. शिवाय विणताना आणि पुढच्या प्रक्रियांत कापड ताणलेले असते. तो ताणही पाण्यात सुटतो. म्हणून कापड बहुधा पन्ह्यापेक्षा लांबीत अधिक आटते. अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास कापड कारखान्यातच आटवून घेण्याची यांत्रिक रीत काढली. काही कापडांवर ‘सॅनफोराइज्ड’ असा शिक्का असतो, तो त्यांच्याच नावावरून.

पाच टक्के आटणारे अडीच मीटर कापड घेतले तर साडेबारा सेंटिमीटर गेले. कुडत्याची उंची गुडघ्याच्या खाली की वर, हे तेवढ्यात ठरते! मुंबईत दोन दिवस मुक्काम असेल तर पहिल्या दिवशी पाव मीटर तुकडा घ्यावा. त्यावर बॉलपेनने २० सेंटिमीटर बाजूचा चौरस आखावा, रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी सावलीत वाळवावा आणि पुन्हा मोजावा. बाजू १९ सेंटिमीटर भरली की पाच टक्के. रंग जातो का, हेही बादलीतले पाणी सांगते. आणि खळ धुऊन गेल्यावर उरलेले खरे पोत हाताला कळते. दुकानात कडक लागणारे कापड पुष्कळदा केवळ खळीच्या जिवावर कडक असते. मुक्काम एका दिवसाचाच असेल तर थोडे जास्त कापड घ्यावे आणि शिंप्याकडे देण्यापूर्वी पाण्यातून काढावे.

पन्ह्याचा हिशेब सोपा आहे, पण घाईत राहून जातो. आपल्या देशात मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. लांबी मीटरने मोजू लागलो, पण पन्हा बाजारात अजून इंचांतच सांगतात. समजा, ३६ इंच पन्ह्याचे कापड १२० रुपये मीटर आहे आणि ४४ इंच पन्ह्याचे तसेच कापड १४० रुपये. पहिले स्वस्त वाटते. ३६ इंच म्हणजे ०.९१ मीटर, चौरस मीटरला सुमारे १३१ रुपये पडले. ४४ इंच म्हणजे १.१२ मीटर; चौरस मीटरला १२५ रुपये. शेवटी शिंपी कापतो ते क्षेत्रफळ. अर्थात बाही नेमकी कडेला बसत नसेल तर रुंद पन्ह्याचीही चिंधीच होते, म्हणून निघण्यापूर्वी शिंप्याला विचारून दोन्ही पन्ह्यांना किती कापड लागेल ते कागदावर लिहून न्यावे.

अखेर कापड पसंत पडले. अशा वेळी कित्येक दुकानदार साधे सुती कापड कात्रीने पूर्ण कापतच नाहीत. कडेला एक लहान चीर देतात आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतात. हा आळस नव्हे. न चिरलेले कापड ओढले तर ओढ शेकडो धाग्यांत वाटली जाते. चीर पडली की सारी ओढ चिरेच्या टोकाशी असलेल्या दोन-तीन धाग्यांवर येते. ते तुटले की पुढचे, मग त्यांच्या पुढचे. फाट आडव्या धाग्याला धरून सरळ जाते. कात्री मात्र माणसाच्या हाताबरोबर वाकडी जाऊ शकते. फाडलेली कड आणि कापडाचा काठ यांच्यामध्ये काटकोन आहे का, ते तेथेच एखादी वही कोपऱ्यात ठेवून पाहा. नसेल तर आडवे धागे तिरके बसले आहेत आणि असे कापड तसेच शिवले तर धुतल्यावर कुडत्याची शिवण पायाभोवती फिरते. थोडासा तिरकेपणा असेल तर आखूड पडलेल्या कर्णाच्या दिशेने दोघांनी कापड धरून ओढावे. उभ्या-आडव्या धाग्यांची चौकट उरेब दिशेने सहज सरकते आणि बहुतेक वेळा कोन जागेवर येतो.