सरासरीत हरवलेला तोटा

नागपूरच्या कळमना बाजारात दोन शेतकऱ्यांच्या संत्र्यांच्या ढेऱ्या एकत्र करून सरासरी भाव कोणी लावत नाही. प्रत्येक ढेरीची बोली वेगळी आणि हमाली-तोलाई वजा जाऊन निघणारी पट्टीही वेगळी. आयकर कायदा शेअर्सकडे याच नजरेने पाहतो. मोबाइलवरचे ॲप मात्र सगळी खरेदी एका सरासरीत मिसळून दाखवते. म्हणून शेअर घेणाऱ्याने खरेदीवार नोंद स्वतः ठेवलीच पाहिजे. रिलायन्सचे उदाहरण घेऊ. समजा, कोणी 2022 मध्ये 2,500 रुपयांनी 100 शेअर घेतले. जुलै 2023 मध्ये जिओ फायनान्शियल वेगळी निघाली आणि मूळ खरेदी किमतीचा 4.68 टक्के भाग तिच्याकडे गेला. रिलायन्सच्या शेअरमागे उरले 2,383 रुपये. ऑक्टोबर 2024 मध्ये एकास एक बोनस मिळाला. आता शेअर 200, सरासरी सुमारे 1,191. त्यातले 100 शेअर 1,300 ला विकले की पडद्यावर नफा दिसतो. कायदा मात्र डीमॅट खात्यात आधी आलेला शेअर आधी गेला असे धरतो आणि बोनसची खरेदी किंमत शून्य मानतो. म्हणजे विकले गेले ते 2,383 चे, आणि हिशेबात येतो 1,08,300 रुपयांचा दीर्घकालीन तोटा. विवरणपत्र मुदतीत भरले तर तो आठ वर्षे पुढे नेता येतो. नोंद नसेल तर माणूस न झालेल्या नफ्यावर कर भरून मोकळा होऊ शकतो.

ब्रोकर वर्षअखेरीला तयार हिशेब देतोच, असे कोणी म्हणेल. तो देतो आणि बहुतेकदा उपयोगीही पडतो. पण त्याला फक्त त्याच्याकडे झालेला सौदा ठाऊक असतो. दुसऱ्या खात्यातून हलवलेल्या किंवा वडिलांच्या पश्चात आलेल्या शेअर्सची मूळ किंमत आणि तारीख त्याला कोण सांगणार? वारसाला तर वडिलांचीच खरेदी किंमत लागते. आपली उलाढाल लहान, सव्वा लाखापर्यंत करच नाही, हा दुसरा आक्षेप. ती सवलत 12 महिन्यांहून जास्त ठेवलेल्या शेअर्सच्या नफ्याला आहे. त्याआधी विकलेल्यांना नाही, आणि त्यांच्यावरचा दर 23 जुलै 2024 पासून 15 वरून 20 टक्के झाला आहे. संत्र्याचे उत्पन्न करमुक्त असलेल्या शेतकऱ्यालाही शेअरचा नफा दाखवावाच लागतो.

तारीख, संख्या, भाव, दलाली एवढे रकाने पुरतात. एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा कर, वेगळा लिहा, कारण भांडवली नफ्यातून तो वजा होत नाही. जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स हाताशी नसतील, तर मार्चची वाट न पाहता ब्रोकरकडून आत्ताच मागवून घ्या.