घरातील बालकोपरा : मांडणी व शिक्षकाचे मार्गदर्शन



जून महिन्यात पहिलीच्या वर्गात येणारे मूल कोरी पाटी घेऊन येते, असे आपण सहज बोलून जातो. वास्तविक ती पाटी कोरी नसते. सहा वर्षे ते मूल घरात वाढलेले असते व तेथे त्याने जे पाहिले, ऐकले, हाताळले, त्यावरच आपणास पुढील शिक्षणाची उभारणी करावयाची असते. शाळेत आल्यावरही दिवसाचे पाच-सहा तासच ते आपल्या स्वाधीन असते. उरलेल्या वेळात त्यास स्वतःची म्हणता येईल अशी हातभर जागा घरात आहे काय, हा प्रश्न आपण पालकांस क्वचितच विचारतो. ही जागा, म्हणजेच बालकोपरा, कशी सिद्ध करावी व त्यात शिक्षकाचे कार्य कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला आहे. म्हणून अंगणवाडीतील बालकापासून दुसरीच्या मुलापर्यंत सर्वांस हे विवेचन लागू आहे. मात्र बालकोपरा हा शाळेस पर्याय नव्हे, तो शाळेचा सहकारी होय.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा या गोष्टीचे महत्त्व आपणा सर्वांस कळून आले. पाठ मोबाईलवर पाठविले जात. परंतु मोबाईल एकच आणि तोही वडिलांबरोबर शेतावर गेलेला, अशी स्थिती अनेक घरी होती. त्या काळात मी ज्या घरांस भेटी दिल्या, त्यांपैकी एक घर विसरता येत नाही. एकच खोली, तीत पाच माणसे. तरीही कणगीच्या आडोशास आजीने एक गोणपाट अंथरले होते. वर कोनाड्यात पाटी, चिंचोक्यांची डबी व दोन पुस्तके होती. "ही तिची जागा हाय, हितं कुनी काय ठिवत न्हाई," एवढेच आजी म्हणाल्या. शाळा पुन्हा भरली, तेव्हा दुसरीतील ती मुलगी अडखळत का होईना, वाचीत होती. शेजारच्या पक्क्या घरात अभ्यासाचे मेज होते. पण त्यावर खतांच्या पावत्या, शिलाई यंत्राचे सामान व औषधांच्या बाटल्या होत्या. त्या घरातील मुलगा अक्षरे विसरला होता. एवढ्या एका उदाहरणावरून नियम बांधता येणार नाही. परंतु खोली मोठी असण्यापेक्षा जागा राखलेली असणे अधिक मोलाचे, हे माझ्या मनावर तेव्हा ठसले.

१. पूर्वसूरींचा धडा

डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तेथील साधने आरंभी कपाटात कुलूपबंद असत व शिक्षिका ती वाटून देई. एके दिवशी शिक्षिका कुलूप लावण्यास विसरली आणि दुसऱ्या दिवशी येण्यासही तिला उशीर झाला. येऊन पाहते तो मुले आपापल्या आवडीची साधने घेऊन कामास लागलेली! शिक्षिकेस तो उघड चोरीचा प्रकार वाटला. माँटेसरीबाईंनी मात्र त्याचा निराळा अर्थ लावला. मुले आता साधने ओळखतात व स्वतः निवड करू शकतात, असे त्यांनी मानले आणि कुलूपबंद कपाटाच्या जागी मुलांच्या हातास येतील अशी ठेंगणी, उघडी कपाटे आणविली.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले व अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांस येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागडी साधने न आणता शंख-शिंपले, बिया, खडे, पाने या परिसरातील वस्तूंतूनच त्यांनी शिक्षण साधले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत हेच कार्य वाढले. ज्या घरी पैसा नाही, त्या घरीही शिक्षणाची साधने आहेत, हा त्यांच्या कार्याचा आपणास मिळणारा धडा होय.

२. जागेची निवड

ओसरी, पडवी, माजघराचा कोपरा, यांपैकी जेथे उजेड व वारा आहे आणि चूल, जनावरे व घरातील रहदारी दूर आहे, ती जागा उत्तम. चार फूट लांब व तीन फूट रुंद एवढी जमीन एका मुलास पुरेशी होते. जागा माजघरातील माणसांच्या नजरेच्या टप्प्यात असावी. लहान मुलास एकांत नको असतो, निर्वेधता हवी असते. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डावीकडून प्रकाश यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. डावखुऱ्या मुलाची बैठक याच्या उलट ठेवावी. डावखुऱ्या मुलाचा हात बदलण्याचा आग्रह कोणीही धरू नये.

भिंतीचा जमिनीपासून तीन फुटांपर्यंतचा पट्टा काळा रंगविल्यास मुलास हवा तेव्हा उपलब्ध असा फळा मिळतो. फळ्यास जुन्या सेलमधील काळी पूड फासण्याची चाल काही ठिकाणी होती; ती पूड अपायकारक असल्याने वापरू नये. चित्रे लावावयाची ती मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर. आपण ती आपल्या डोळ्यांच्या उंचीवर लावतो आणि मूल पाहत नाही म्हणून तक्रार करतो!

३. साहित्य व त्याची मांडणी

मांडणी करताना चार नियम पाळावेत.

(अ) प्रत्येक वस्तूस ठरलेली जागा असावी. विटांवर फळी ठेवून दोन फूट उंचीची मांडणी तयार होते. कोनाडा खाली असल्यास तोही चालतो. वस्तू जेथे ठेवावयाची तेथे खडूने तिची बाह्याकृती काढावी. मग "जागेवर ठेव" असे सांगावे लागत नाही. रिकामी आकृतीच मुलास बोलावते. आकृतीशी वस्तू जुळविणे ही पुढे अक्षराशी अक्षर जुळविण्याचीच पूर्वतयारी होय.

(आ) एका वेळी चार-पाचच साधने मांडावीत. ढीग पुढे असला की मूल सर्व विसकटते व कशातच रमत नाही. बाकीची साधने बाजूस ठेवून आठवड्याने एक-दोन बदलावीत.

(इ) प्रत्येक साधन संपूर्ण असावे. दहा काड्यांच्या जुडीत नऊ असतील तर दशकाची कल्पनाच ढासळते.

(ई) साधन उघडे असावे. कुलूप, दोरी, उंच फळी यांचा उपयोग करू नये.

आता साधने पाहू. ताटात बारीक वाळू पसरली की धूळपाटी होते. धुळाक्षरे गिरविण्याची ही आपली जुनी रीत आजही उत्तम आहे, कारण चूक झाली तर ताट हलविले की ती नाहीशी होते व मूल भीत नाही. ज्वारीच्या धाटांच्या काड्या दहा-दहांच्या जुड्यांत बांधल्या की एकक व दशक हातात येतात. पाच चिंचोके घेऊन त्यांच्या प्रत्येकी एका पाकळीचा फासा करावा. एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. ते टाकून किती पांढरे व किती तपकिरी पडले हे मुलाने सांगावे. दोन व तीन, चार व एक, पाच व शून्य, अशी पाचाची सर्व घरे खेळता खेळता पाठ होतात. निवडण्यास मिश्र कडधान्ये, ओतण्यास दोन वाट्या व पाणी, घड्या घालण्यास जुने कापड, यांनी बोटांस वळण लागते. दिनदर्शिका, सामानाच्या पुड्यांचे कागद, मुलाच्या नावाची पाटी, ही वाचनाची पहिली पुस्तके होत.

४. सावधगिरी

परिसरातील प्रत्येक बी सुरक्षित नसते. लालभडक गुंज दिसण्यास सुंदर, परंतु तिच्या बीत अ‍ॅब्रिन हे जहाल विष असते. एरंडाच्या बीत रिसिन असते व चंद्रज्योतीच्या बियाही विषारी आहेत. ही तीन बीजे बालकोपऱ्यात कदापि येऊ देऊ नयेत. घरात तीन वर्षांखालील भावंड असेल तर सव्वा इंचाहून लहान वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी. ती घशात अडकून जीव गुदमरतो. कीटकनाशकांचे डबे व बाटल्या धुऊनही वापरू नयेत. पाण्याचा खेळ मोठ्या माणसाच्या देखतच व्हावा.

५. घरातील मोठ्यांचे वर्तन

कोपरा सजविला म्हणजे कार्य संपत नाही. दररोज ठरलेल्या वेळी अर्धा तास पुरे. लहान मूल एका कामात दहा-पंधरा मिनिटे रमले तरी ते थोडके नव्हे. मूल कामात गढले असता हाक मारू नये, चूक दाखविण्याची घाई करू नये. आईवडील निरक्षर असले तरी "मला सांग, तू काय केलेस?" एवढे विचारू शकतात, आणि हा प्रश्न फार मोलाचा आहे. आजीची गोष्ट, उखाणा, जात्यावरील गाणे ज्या बोलीत असेल त्या बोलीतच ऐकू द्यावे. घरची बोली सुधारण्याचे काम पालकांवर लादू नये.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचा विचार येथे अवश्य केला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे गाव सोडतात व गळीत हंगाम संपल्यावर परततात. मुलाचे नाव तेथील शाळेत पोचविणे हे आपले पहिले कर्तव्य. त्याबरोबर एक कापडी पिशवी द्यावी. तीत पाटी, काड्यांच्या जुड्या, चिंचोके, एक पुस्तक व बसकर असावे. कोपीत बसकर अंथरले की तोच त्या मुलाचा कोपरा.

६. शिक्षकाने काय करावे

प्रथम आपल्या वर्गातच असा एक कोपरा मांडावा व पालकसभेच्या दिवशी मुलांस त्यात काम करू द्यावे. भाषणापेक्षा पालकांस ते दृश्य अधिक पटते. गृहभेटीस जाताना मागण्यांची यादी नेऊ नये; घरात काय आहे ते पाहून त्यातूनच जागा सुचवावी. एका वेळी पाच घरे घ्यावीत व महिन्याने पुन्हा जावे. मेज, खुर्ची, रंगीत तक्ते यांचा उच्चारही करू नये. गरिबाच्या घरात आपल्या एका वाक्याने उणेपणाची भावना निर्माण झाली, तर त्या घराचे दार आपणास पुन्हा मोकळेपणे उघडत नाही.

शेवटी स्वतःचा एक दोष सांगतो. एका लहान शाळेचा मुख्याध्यापक असताना शाळेस शैक्षणिक साहित्याची एक सुंदर पेटी मिळाली होती. वस्तू हरवल्या तर जडवस्तू नोंदवहीत काय दाखवू, या भीतीने मी ती कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. तपासणीस सर्व वस्तू जशाच्या तशा भरल्या व माझी प्रशंसा झाली. पहिलीत असलेली मुले चौथी उत्तीर्ण होऊन गेली. त्यांपैकी एकाचाही हात त्या मण्यांस लागला नव्हता. रोमच्या त्या कपाटाची हकीकत मी अध्यापक विद्यालयात असतानाच वाचली होती. तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आता मी तपासणीस येतो, तेव्हा झिजलेले, तुटलेले साहित्य पाहून मला समाधान वाटते. नोंदवहीत ते रीतसर निर्लेखित करता येते. मुलाचे गेलेले वर्ष मात्र कोणत्याही नोंदवहीत भरून काढता येत नाही.

पुढील केंद्रसंमेलनास येताना प्रत्येकाने आपण मांडलेल्या पाच बालकोपऱ्यांची माहिती, त्यांतील उणिवांसह, लिहून आणावी, अशी विनंती आहे. तीवरून पुढील दिशा आपण सर्व मिळून ठरवू.