राउटरची खाच आणि घरगुती जिग

फळीत आडवी खाच पाडायची तर सुताराची मूळ रीत अशी: करवतीचे दोन काप, मधले लाकूड पटाशीने बाहेर. राउटर (बिट म्हणजे फिरते पाते बसवलेले विजेचे हत्यार) हेच काम काही मिनिटांत करतो. त्याला सरळ रेषेत धरून ठेवणारा साचा म्हणजे जिग.

तीन खाचा : लाकडाच्या रेषांना आडवी ती डाडो, रेषांच्या दिशेने जाणारी ग्रूव्ह, फळीच्या कडेची रॅबेट. कपाटाचा कप्पा बसतो डाडोत.

सर्वांत सोपी जिग : ६ मिमी प्लायच्या रुंद पट्टीवर सरळ धारेची दुसरी पट्टी पक्की करतात. राउटर त्या धारेला टेकवून एकदा फिरवला की खालच्या प्लायची जादा कड कापली जाते. उरलेली कड म्हणजे खाचेची नेमकी रेषा. ती पेन्सिलच्या खुणेवर ठेवायची, क्लॅम्प आवळायचे; दरवेळी मोजणे नाही, हा मोठाच फायदा. बिट बदलला तर मात्र जिग नवी.

जिग नसेल तर : राउटरचा गोल तळ १५० मिमी, बिट १२ मिमी; पट्टी खाचेच्या जवळच्या कडेपासून ७५ − ६ = ६९ मिमीवर.

खोली : १८ मिमी फळीत साधारण ६ मिमी, दोन फेऱ्यांत.

दिशा : राउटर पुढे ढकलताना पट्टी डाव्या हाताला. बिटाच्या फिरण्यामुळे राउटर पट्टीलाच चिकटून चालतो.

रुंदी : ‘१८ मिमी’ प्लाय अनेकदा किंचित पातळ निघते. खाच प्रत्यक्ष फळीच्या मापाने पाडावी.

सुरक्षा : डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क हवाच.